वेग तर यूपीआयकडेही आहे

१ मे २०२२ची पहाट. इकडे महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनाची तयारी चालली होती आणि तिकडे जगातली दोन मोठी ब्लॉकचेन जाळी, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेल्या व्यवहारांच्या खतावण्या, एकाच वेळी गुदमरत होती. आपल्या घड्याळात पहाटे दोनच्या सुमारास सोलाना बंद पडलं. डिजिटल चित्रांच्या विक्रीवर बॉटची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांची, झुंबड उडाली, सेकंदाला लाखो विनंत्या येऊन आदळल्या आणि पुढचे सुमारे सात तास त्या साखळीत एकही नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, जोडला गेला नाही. सकाळी साडेसहाच्या सुमारास, सोलाना अजून बंदच असताना, इथेरियमवर एका आभासी जगातल्या जमिनीच्या ५५,००० तुकड्यांची विक्री सुरू झाली. इथेरियम थांबलं नाही. पण एकेका व्यवहाराचं शुल्क हजारो डॉलरांवर गेलं. ज्यांचा व्यवहार फसला, त्यांचंही शुल्क कापलं गेलं. त्या वेळी ज्याला कुणाला फक्त चार पैसे इकडून तिकडे पाठवायचे होते, त्याला हात चोळत बसावं लागलं.

एक बंद पडलं, दुसरं परवडेनासं झालं. यातला कोणता दोष मोठा, यावर गेली चार वर्षं मी मित्रांशी वाद घालतो आहे. मुंबई-पुण्यातल्या संगणक क्षेत्रात काम करणारे माझे बहुतेक मित्र सोलानाच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं सरळ आहे: ज्या जाळ्यावर सामान्य माणसाला व्यवहार परवडत नाही, त्याच्या विकेंद्रीकरणाचं काय लोणचं घालायचं? हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. तरीही माझं मत त्यांच्या उलट आहे. ब्लॉकचेनच्या बाबतीत वेग ही दुय्यम गोष्ट आहे. तो मागाहून जोडता येतो. नोंदी तपासण्याचा हक्क एकदा लोकांच्या हातून गेला, की तो मागाहून जोडता येत नाही.

आधी वेगाचा हिशेब करून टाकू. सोलानाच्या प्रचारात सेकंदाला ६५,००० व्यवहारांचा आकडा वर्षानुवर्षं झळकत आला. प्रत्यक्षात तिथे दिसणारे तीन-चार हजार व्यवहार हे बरेचसे व्हॅलिडेटरांनी, म्हणजे ब्लॉक रचणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या संगणकांनी, एकमेकांच्या ब्लॉकना दिलेली मतं असतात. ती मतं वजा केली, की माणसांचे आणि बॉटचे खरे व्यवहार हजाराच्या आसपास उरतात. इथेरियमच्या मूळ साखळीवर २०२५ मध्ये तेवढ्याच वेळात पंधरा-वीस. फरक प्रचंड आहे, यात शंका नाही.

आता आपल्या ओळखीचा आकडा घ्या. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २००१ कोटी व्यवहार झाले. ३१ दिवसांच्या सेकंदांनी भागलं तर सरासरी सेकंदाला सुमारे ७,४७० होतात. ही रात्रीचे तीन आणि सायंकाळचे सात एकत्र धरून काढलेली सरासरी आहे, गर्दीच्या वेळचा आकडा अर्थातच जास्त. हे सगळं मुंबईत मुख्यालय असलेली एक संस्था चालवते, ग्राहकाला त्याचे पैसे पडत नाहीत आणि वर रिझर्व्ह बँक बसलेली आहे. १२ एप्रिल २०२५ला यूपीआय काही तास अडखळलं, तेव्हा चहाच्या टपरीवर लोक खिसे चाचपत उभे होते. पण हे एका संस्थेच्या हातात का, असा प्रश्न कुणी विचारला नाही. कारण करारच तसा आहे. कुणीतरी जबाबदार आहे, त्याच्यावर कायदा आहे, तक्रारीची वाट आहे.

म्हणून माझ्या मित्रांना मी विचारतो, नुसता वेग हवा असेल तर ब्लॉकचेन हवीच कशाला? वेग ही केंद्रित व्यवस्थेची घरची गोष्ट आहे. मधल्या कुणावर विश्वास ठेवता येत नाही, किंवा ठेवावासा वाटत नाही, तिथेच ब्लॉकचेनला अर्थ आहे. दोन देशांमधला व्यवहार, जिथलं सरकार नागरिकांच्या ठेवी गोठवतं असा देश, पन्नास वर्षांनी कुणी बदलू नये अशी नोंद. अशा ठिकाणी साधनाची निवड वेगावरून करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

विकेंद्रीकरणाचं मोजमापही लोक चुकीच्या पट्टीने करतात. इतके हजार नोड (जाळ्याला जोडलेले संगणक), इतक्या देशांत, अशी यादी वाचून दाखवतात. नुसत्या संख्येने काही सिद्ध होत नाही. मला दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. नोंद खरी की खोटी, हे तपासायला सामान्य माणसाला काय लागतं? आणि हे जाळं थांबवायचं किंवा वळवायचं ठरवलं, तर किती जणांना एका खोलीत बसावं लागतं?

पहिल्या प्रश्नाचं मर्म आपल्याकडे चावडीवाचनात आहे. सातबारा संगणकावर गेला तेव्हा टंकताना नावं गळली, क्षेत्र बदललं, हिस्से इकडचे तिकडे झाले. त्या चुका पकडण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झालं. तलाठ्याने उतारे मोठ्याने वाचायचे आणि ज्याची जमीन आहे त्याने तिथल्या तिथे हरकत घ्यायची. दप्तर तलाठ्याकडेच राहिलं, पण ते खरं आहे की नाही हे ऐकायला कुणाची परवानगी लागली नाही. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा म्हणू शकली, की माझ्या सासऱ्याचं नाव राहिलं. गावातल्या ज्या पाच जणांकडे मोटारगाडी आहे तेवढेच चावडीवर येऊ शकतात, असा नियम केला असता, तर वाचन भराभर उरकलं असतं. पण मग ते चावडीवाचन राहिलं नसतं.

माझ्या घरी, पुण्यात, पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या खणात एक लहानसा संगणक आहे. ३२ जीबी मेमरी, ४ टीबीची एसएसडी, घरचंच ब्रॉडबँड. त्यावर इथेरियमचा नोड चालतो. मी व्हॅलिडेटर नाही, त्यासाठी तारण ठेवावे लागणारे ३२ इथर (इथेरियमचं नाणं) माझ्याकडे नाहीत आणि मला त्यातून एक पैसाही मिळत नाही. तो नोड एवढंच करतो: दर बारा सेकंदांनी येणारा प्रत्येक ब्लॉक स्वतः तपासतो. सह्या बरोबर आहेत का, कुणी नसलेले पैसे खर्च केले का, नियमाबाहेर नवे इथर निर्माण झाले का. उद्या जगातले सगळे मोठे व्हॅलिडेटर एकत्र आले आणि त्यांनी नियम मोडणारा ब्लॉक मंजूर केला, तरी माझा खालच्या खणातला संगणक तो नाकारेल. गुरुवारी आमच्या भागात वीज जाते. इन्व्हर्टर थोडा वेळ तग धरतो, मग नोड झोपतो. वीज आली की तो मधले सगळे ब्लॉक मागवून, एकेक तपासून, थोड्या वेळात पुन्हा रांगेत येतो.

सोलानावर हे घरी करता येत नाही. तिथला व्हॅलिडेटर चालवायला २५६ जीबीहून अधिक मेमरी, वेगवान प्रोसेसर आणि दोन्ही बाजूंनी सेकंदाला किमान एक गिगाबिट नेणारी जोडणी लागते. ते यंत्र डेटा सेंटरमध्येच शोभतं. शिवाय मत देण्याचा खर्च वेगळा. प्रत्येक मत हा साखळीवरचा व्यवहार असल्याने दिवसाला सुमारे एक सोल (सोलानाचं नाणं) निव्वळ मतदानात जातो. सोलचा भाव १५० डॉलर धरला, तर वर्षाचा हिशेब पन्नास लाख रुपयांच्या घरात पोचतो. हा खर्च भरून निघायला मोठा स्टेक, म्हणजे तारण लावलेली नाणी, हवा, नाहीतर सोलाना फाउंडेशन या संस्थेची मदत हवी. मदत आटत गेली तसे लहान व्हॅलिडेटर गळत गेले. २०२३ मध्ये त्यांची संख्या दोन हजारांच्या वर होती, २०२५ संपताना ती हजाराच्या खाली आली.

हे सांगताना सोलानाच्या रचनेबद्दल मला मनापासून आदर आहे, हेही सांगितलं पाहिजे. पूर्वी क्वालकॉममध्ये अभियंता असलेल्या अनातोली याकोवेन्को यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये मांडलेली कल्पना सुंदर होती. वितरित जाळ्यातली जुनी डोकेदुखी अशी, की घड्याळं जुळत नाहीत. कोणती घटना आधी घडली यावर एकमत करण्यातच वेळ जातो. त्यांनी सुचवलं, की एखाद्या मजकुराची हॅश, म्हणजे त्यातून गणिताने निघणारी ठराविक लांबीची खूण, काढायची, तिचीच पुन्हा हॅश काढायची, आणि असं अखंड करत राहायचं. ही माळ घाईने ओवता येत नाही, म्हणून तिची लांबी हेच गेलेल्या वेळाचं प्रमाण. पुढचा ब्लॉक कोण रचणार हे आधीच ठरलेलं असल्यामुळे व्यवहार थेट त्याच्याकडे धावतात आणि ब्लॉकसाठी ४०० मिलिसेकंद पुरतात. दुसरी युक्ती याहून सरस. कोणत्या खात्यांना हात लावणार, हे प्रत्येक व्यवहाराने आधीच सांगायचं. ज्यांची खाती वेगळी, ते व्यवहार प्रोसेसरच्या वेगवेगळ्या गाभ्यांवर एकाच वेळी चालतात. इथेरियम मात्र अजूनही मूळ साखळीवर व्यवहार एकामागून एक, एकाच रांगेत चालवतं. सोलानाचा मूळचा दर ५,००० लँपोर्ट (लँपोर्ट हा सोलचा अब्जावा भाग), म्हणजे वरच्याच भावाने सहा-सात पैसे. या सगळ्यामागचा डाव स्वच्छ आहे: यंत्रं दरवर्षी स्वस्त आणि ताकदवान होत जाणार, तेव्हा जाळ्याने यंत्राच्या ताकदीबरोबर वाढावं, सगळे व्यवहार एकाच खतावणीत ठेवावेत.

या डावाला उत्तर मिळतं ते जाळं आजारी पडतं तेव्हा.

सप्टेंबर २०२१ मध्ये सोलाना सुमारे सतरा तास बंद होतं. २०२२ मध्ये एप्रिलअखेर (आपल्या घड्याळात १ मेची तीच पहाट), जून आणि सप्टेंबर अशा तीन वेळा. २५ फेब्रुवारी २०२३ला जवळजवळ एकोणीस तास. ६ फेब्रुवारी २०२४ला सुमारे पाच तास. कारणं निरनिराळी होती: कधी बॉटचा लोंढा, कधी एकाच व्हॅलिडेटरने चुकून पाठवलेले दोन ब्लॉक, कधी नको तितका मोठा ब्लॉक, कधी प्रोग्राम लोड करण्याच्या भागातला दोष. उपाय मात्र एकच. व्हॅलिडेटर चालवणारे डिस्कॉर्ड या चॅटच्या अ‍ॅपवर जमायचे, साखळी कोणत्या ठिकाणापासून पुन्हा सुरू करायची हे ठरवायचे, आणि ८० टक्के स्टेक त्या ठिकाणी हजर झाला की जाळं उठायचं. त्या लोकांनी रात्री जागवून, प्रामाणिकपणे हे काम केलं. माझा आक्षेप त्यांच्या हेतूवर नाही. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे उघडं पडतं, एवढंच. जे जाळं एका चॅटखोलीतून पुन्हा सुरू होतं, ते त्याच खोलीतून थांबवताही येतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये हे वेगळ्या प्रकारे दिसलं. एक गंभीर दोष सापडला होता. फाउंडेशनने प्रमुख व्हॅलिडेटरांशी खासगीत संपर्क साधला आणि ७० टक्के स्टेकने दुरुस्ती बसवून झाल्यावर मग जगाला सांगितलं. दोष आधी जाहीर केला असता तर चोरांना वाट दाखवल्यासारखं झालं असतं, हे मला मान्य आहे. गुपचूप दुरुस्त्या इथेरियममध्येही झाल्या आहेत. पण थोडक्या लोकांना गाठून दोन-तीन दिवसांत बहुमत वळवता येतं, ही गोष्ट चांगल्या कामासाठी जितकी खरी, तितकीच एखाद्या सरकारी नोटिशीसाठीही खरी ठरते.

याच्या शेजारी मे २०२३ ठेवा. ११ आणि १२ मे रोजी इथेरियमवर व्यवहारांवर शिक्कामोर्तब होणं, म्हणजे जोडलेले ब्लॉक आता बदलणार नाहीत अशी ग्वाही मिळणं, थांबलं. पहिल्या दिवशी सुमारे अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तासाहून जास्त. जुन्या मतांची उजळणी करताना काही प्रकारचं क्लायंट सॉफ्टवेअर, म्हणजे नोड चालवणारा प्रोग्राम, दमून गेलं होतं. पण त्याच नियमांवर, वेगळ्या लोकांनी, वेगळ्या भाषेत लिहिलेलं दुसरं सॉफ्टवेअर तग धरून राहिलं. ब्लॉक येत राहिले, व्यवहार होत राहिले, आणि कुणी कुणाला बोलावल्याशिवाय जाळं आपोआप सावरलं. पाच-सहा क्लायंट सांभाळणं म्हणजे एकच काम पाच-सहा वेळा करणं. एरवी तो अपव्यय वाटतो. त्या दोन दिवसांत त्याची वसुली झाली. सोलाना अनेक वर्षं एकाच मुळाच्या सॉफ्टवेअरवर उभं होतं, म्हणून फेब्रुवारी २०२४चा दोष सगळ्यांना एकाच क्षणी भोवला. फायरडान्सर हा पूर्णपणे निराळा लिहिलेला क्लायंट अखेर डिसेंबर २०२५ मध्ये मुख्य जाळ्यावर आला, याचा मला खराखुरा आनंद आहे.

माझ्या बाजूचे लोक सोलानाच्या बंद पडण्याच्या तारखा तोंडपाठ म्हणतात आणि घरच्या गोष्टी सांगत नाहीत. त्या सांगितल्या पाहिजेत.

इथेरियमवर दहा लाख व्हॅलिडेटर आहेत असं अभिमानाने सांगितलं जातं. तो आकडा फसवा आहे. किमान ३२ इथरचा एक खण म्हणजे एक व्हॅलिडेटर. एकच कंपनी असे हजारो खण चालवते. २०२३ मध्ये लिडो या एकाच व्यवस्थेमार्फत लावलेला स्टेक एकूणाच्या जवळजवळ एक तृतीयांश होता, आणि एक तृतीयांश ही नेमकी ती रेषा आहे, जिच्यापुढे शिक्कामोर्तब अडवता येतं. ११ नोव्हेंबर २०२०ला इन्फुरा ही नोड पुरवणारी सेवा जुन्या आवृत्तीमुळे भरकटली आणि जगभरातली असंख्य वॉलेट एका झटक्यात आंधळी झाली. स्वतःचा नोड न चालवता सगळे एकाच खिडकीतून साखळीकडे पाहत होते, हे तेव्हा कळलं. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने व्यवहारांचा माग पुसणाऱ्या टॉर्नेडो कॅश या सेवेवर निर्बंध घातले. त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत इथेरियमचे तीन चतुर्थांशाहून अधिक ब्लॉक ते व्यवहार गाळणाऱ्या मध्यस्थांकडून येऊ लागले. ते व्यवहार उशिरा का होईना, न गाळणाऱ्या थोडक्या लोकांच्या ब्लॉकमधून आत जात राहिले. पण आपण कड्यापर्यंत गेलो होतो.

याउलट २ नोव्हेंबर २०२२ला हेट्झनर या जर्मन कंपनीने आपल्या सर्व्हरवरचे सोलानाचे सुमारे हजार व्हॅलिडेटर बंद केले. पाचवा हिस्सा स्टेक क्षणात नाहीसा झाला. सोलाना थांबलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाच्या नाण्यासाठी जी झुंबड उडाली, तीही त्याने सोसली. २०२४च्या फेब्रुवारीनंतरची त्याची कामगिरी पाहून जुने टोमणे मारत राहणं अप्रामाणिकपणाचं आहे.

आणि शुल्काचा मुद्दा. इथेरियमने त्याला दिलेलं उत्तर असं, की मूळ साखळी हलकी ठेवायची आणि गर्दी वरच्या मजल्यावर न्यायची. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस अशी जाळी हजारो व्यवहार वर उरकतात आणि त्यांचा गोषवारा खाली इथेरियमवर लिहितात. १३ मार्च २०२४च्या सुधारणेने या गोषवाऱ्यासाठी स्वस्त, तात्पुरती जागा मिळाली आणि वरच्या मजल्यावरचा व्यवहार रुपयाच्या आसपास किंवा त्याहून खाली आला. १ मेच्या त्या पहाटेचा प्रश्न असा बऱ्याच अंशी सुटला.

पण माझे मित्र इथेच मला पकडतात, आणि बरोबर पकडतात. वरच्या मजल्यावर व्यवहारांची रांग लावणारा सिक्वेन्सर बहुतेक ठिकाणी एकाच कंपनीचा असतो. जून २०२४ मध्ये लिनिया या जाळ्यावरच्या एका प्रकल्पात चोरी झाली, तेव्हा चालकांनी ब्लॉक रचणंच थांबवलं. सोलाना थांबवायला ८० टक्क्यांना नाही तरी बऱ्याच लोकांना गाठावं लागतं; इथे एक फोन पुरला. मग विकेंद्रीकरण कुठे उरलं, असं ते विचारतात. माझं उत्तर असं: फरक खालच्या मजल्यात आहे. आर्बिट्रमच्या सिक्वेन्सरने माझा व्यवहार अडवला, तर मी तो थेट इथेरियमवर टाकू शकतो आणि सुमारे चोवीस तासांनी तो सिक्वेन्सरच्या इच्छेविरुद्ध रांगेत घुसतो. हे दार अवघड आहे, खर्चिक आहे, आणि ते नीट चालतं असं म्हणायला अनेक जाळी अजून पात्र नाहीत. त्यांच्या करारांत, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या प्रोग्रामांत, बदल करण्याची किल्ली मूठभर सह्यांच्या हाती आहे. वर्षानुवर्षं ती तशीच ठेवून कुणी इथेरियमच्या सुरक्षिततेच्या जाहिराती करत असेल, तर ते गिऱ्हाइकाची दिशाभूल करत आहेत, असं मी स्पष्ट म्हणेन. पण वरचा मजला कोसळला तर खाली उतरायला जमीन आहे. सोलानावर सगळं एकाच मजल्यावर आहे. तिथे खाली काही नाही.

हा सगळा वाद सट्टेबाजांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटणाऱ्या वाचकांसाठी गडचिरोलीची गोष्ट. मार्च २०२२ मध्ये एटापल्ली भागातल्या ६५,००० जात प्रमाणपत्रांच्या खुणा ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा प्रकल्प जाहीर झाला. प्रमाणपत्रावरच्या क्यूआर कोडवरून कुणीही ते अस्सल असल्याची खात्री करून घ्यावी, अशी कल्पना. बनावट दाखल्यांनी खऱ्या आदिवासी मुलांच्या जागा हिरावल्या जातात, त्या राज्यात हा प्रयत्न मोलाचा आहे. साखळी निवडली गेली ती पॉलिगॉन. या जाळ्याची मुळं मुंबईत आहेत. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये मॅटिक या नावाने ते सुरू केलं, आणि त्याच्या चाचणी जाळ्याचं नावच बराच काळ ‘मुंबई’ होतं. पॉलिगॉनची ती साखळी इथेरियमला खेटून चालते, पण तिचे स्वतःचे शंभरएक व्हॅलिडेटर आहेत. आणि त्याच मार्चमध्ये, एका सुधारणेनंतर, ती सुमारे अकरा तास बंद होती.

अकरा तास बंद राहिल्याने जात प्रमाणपत्राचं काही बिघडत नाही. माझा मुद्दा भाराचा आहे. ६५,००० नोंदींना वेग किती लागतो? इथेरियमच्या सेकंदाला पंधरा या कासवगतीनेही, एकेक दाखला स्वतंत्र व्यवहार म्हणून लिहिला, तरी सव्वा तासाच्या आत काम संपेल. तेवढंही करायची गरज नाही. सगळ्या दाखल्यांच्या हॅश जोडीजोडीने गुंफत शेवटी एकच हॅश उरते. ती एक हॅश लिहिली की ६५,००० दाखल्यांची खूण कायमची पडते, आणि प्रत्येकाला आपल्या दाखल्याचा त्या हॅशपर्यंतचा माग सोळा-सतरा पायऱ्यांत दाखवता येतो. एक व्यवहार, वर्षातून काही वेळा. १ मेसारखी एखादी पहाट टाळली, तर शुल्क फार तर एका मेजवानीच्या खर्चाइतकं. अशा कामात सेकंदाला हजारो व्यवहारांची क्षमता कशाला उपयोगी पडणार? तिथे एकच चिंता असते. आज पाच वर्षांची असलेली एटापल्लीची मुलगी २०५० मध्ये नोकरीसाठी दाखला पुढे करेल, तेव्हा ती साखळी जिवंत असेल का, आणि तपासणाऱ्याला कुणा कंपनीच्या सर्व्हरची मेहेरबानी लागेल का.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण सरकारी सादरीकरणांत ती हमखास राहून जाते. साखळी फक्त नंतरचा बदल पकडते. दाखला देणाऱ्यानेच खोटा दाखला दिला, तर तो खोटेपणा तितक्याच भक्कमपणे जपला जाईल. ते काम पडताळणी समित्यांचंच आहे आणि राहील.

तेव्हा सरकारी निविदांमध्ये ‘सेकंदाला किती व्यवहार’ हा रकाना असेल, तर त्याच्या आधी दुसरे रकाने हवेत. ही नोंद तालुक्याच्या महाविद्यालयातल्या संगणकावर, कंत्राटदाराच्या मदतीशिवाय तपासता येते का? जाळं आजवर किती वेळा थांबलं आणि कुणी सुरू केलं? करार बदलण्याची किल्ली किती जणांकडे आहे? कंत्राटदार कंपनी बंद पडली तर काय? या प्रश्नांवर मी सार्वजनिक नोंदींसाठी इथेरियमची मूळ साखळी निवडेन. रोजच्या चिल्लर व्यवहारांसाठी, खेळांसाठी, बाजाराच्या झटपट उलाढालीसाठी सोलाना वापरणाऱ्याला मी अडवणार नाही. आणि भाजीवाल्याला पैसे देताना मी यूपीआयच वापरतो.

इथेरियमवरचा माझा विश्वास बिनशर्त नाही. वेगाची स्पर्धा त्यालाही सुटलेली नाही. २०२५ या एका वर्षात ब्लॉकची गॅस मर्यादा, म्हणजे एका ब्लॉकमध्ये किती काम मावतं त्याची मर्यादा, तीन कोटींवरून सहा कोटींवर गेली. माझी तेव्हाची २ टीबीची डिस्क भरत आली होती. जुलैमध्ये जुन्या इतिहासाचा काही भाग टाकून देण्याची सोय आली म्हणून काही महिने निभावलं, मग मी ४ टीबीची घेतली. डिसेंबरमधल्या सुधारणेने वरच्या मजल्यांचा सगळा मजकूर प्रत्येक नोडने उतरवून घेण्याची सक्ती काढली. आता प्रत्येकाने थोडा थोडा तुकडा तपासायचा. ही दिशा मला पटते, कारण तिच्यात भार वाढतो आणि घरचा संगणक बाहेर फेकला जात नाही. पण मर्यादा अशीच दुप्पट, मग पुन्हा दुप्पट होत गेली आणि एके दिवशी माझ्या खालच्या खणातलं यंत्र मागे पडू लागलं, तर सोलानाबद्दल वर लिहिलेला प्रत्येक आक्षेप इथेरियमलाही लागू होईल, आणि मी तो लिहीन. सध्या तरी ते यंत्र दर बारा सेकंदांच्या ब्लॉकला पुरून उरतं. नव्या डिस्कवर अर्ध्याहून जास्त जागा मोकळी आहे.